वळणापलीकडचे कुत्रे

(सांगणाऱ्या : कमलाबाई, बालाघाट. त्यांच्या ओट्यावर बसून ऐकलेलं, त्यांच्याच बोलीत.)

माहं माहेर राजेगावच्या पुढे, गोंदियाच्या अंगाले, म्हणजे तुमच्या महाराष्ट्रात, आन सासर हे बालाघाट, एमपीत, पण आमच्याकडे असं महाराष्ट्र-एमपी कोणी करत नाही, इकडची बस धरली का माहेर, तिकडची धरली का सासर. माय बिड्या वळे, मीबी लहानपणापासून बिड्याच वळल्या, लग्न होऊन आली तं इथंबी बिड्याच वळल्या, हात तेच, पानं तेच, फक्त आजूबाजूचे लोकं हिंदीत बोलत. माही पोरगी सुजाता, तिले मराठी समजते पण बोलते हिंदीतच, नागपूरले दिली तरीबी हिंदीतच बोलते, आता काय सांगू तुम्हाले.

सुजाताचे बाबा, म्हणजे माहे मालक, मलाजखंडले तांब्याच्या खदानीत ठेकेदाराकडे डंपर चालवत. येवढा मोठा डंपर का त्याचं चाकच माह्या डोक्याच्या वर. तिथंच राहत, सुट्टीले घरी येत. आन बोलका माणूस, लय बोलका, बसस्टँडवर उतरले का घरी येईपर्यंत भात थंडा होऊन जाये, रस्त्यात ज्याले त्याले उभं करून बोलत येत. मी चिडो, तं म्हणत, अवं लोकं सोडतच नाही मले. लोकं सोडत नव्हते का हे लोकायले सोडत नव्हते, ते मले मालूम.

तं मागच्या थंडीत सुट्टीले घरी आले होते, सकाळी दात घासून राह्यले होते, ब्रश हातातून पडला, उचलाले वाकले तं तेबी पडले. लकवा. उजवा हात, उजवा पाय, आन जीभ. गोंदियाले नेलं, जीव वाचला, घरी आणलं, पण तोंडातून शब्द नाही. समजते सगळं, डोळ्यानं सांगतातबी, पण शब्द नाही. ज्या माणसाले मी जनमभर म्हटलं का जरा गप राहा, तो माणूस असा गप झाला का घर खायले उठे. डॉक्टर म्हणे, बाई, बोलण्याचं काही सांगता येत नाही, पण पाय येईन, आत्ताच चालवलं तं येईन. हे सुरवातीचे महिने गेले तं मंग पाय जसा आहे तसाच राहीन. आन घरात खाटेपासून संडासपर्यंत चालते ते काही चालणं नाही, सपाट रस्त्यावर चालवा, रोज चालवा. मी म्हटलं हौ, येवढंच ना, चालवते. मले वाटलं सोपं काम हाय.

आमच्या गल्लीतून निघालं का वळणापर्यंत सिमेंटचा सपाट रस्ता, वळणावर मुर्गीचं दुकान, आन वळणाच्या पुढे विहार. मी ठरवलं, विहारापर्यंत नेईन, ते पायरीवर दम खातील, मी पंचशील म्हणून घेईन, मंग वापस. दुसरा रस्ता मोठ्या सडकेचा, तिकडे ट्रक, तिकडे कोण नेते.

आमच्या गल्लीचे कुत्रे काहीच म्हणत नाही, त्यायले हे माणूस ओळखीचे, लकवा झाला तरी ओळखीचे. पण वळण झालं का दुसऱ्याचं राज. तिथले कुत्रे मुर्गीच्या दुकानावर पोसलेले, अंगानं हे असे भरलेले, आन त्यायचा म्होरक्या एक भुरा, कान फाटलेला. त्यानं पाह्यलं, एक माणूस डाव्या हातात काठी धरून, एक पाय घसटत, चप्पल खर्र खर्र वाजवत येऊन राह्यला. कुत्र्याले काय मालूम लकवा काय असते. त्याले वाटे काठी आपल्यासाठीच आणली. तो उठला, त्याच्या मागे बाकीचे उठले, आन भुंकत आले का अंगावरच. मालकाचा हात घट्ट धरून मी हड हड करून राह्यली. पहिल्या दिवशी तिथूनच वापस. दुसऱ्या दिवशीबी तिथूनच वापस.

मंग सगळ्यायनं अक्कल सांगतली. शेजारचे रिटायर मास्तर म्हणे, बहनजी, कुत्ते की आँख में मत देखो, चुपचाप खड़े रहो, सूँघकर चला जाएगा. हौ, पण ज्याले चालण्यापेक्षा उभं राहणंच भारी जाते त्याले उभं कसं ठेवू. माहा भाचा म्हणे, मामी, खाली वाका, गोटा उचलल्यासारखं करा, कुत्रं पळतेच. मी वाकली का त्यायचा हात सुटे, मंग ते पडतील. काठीच नको म्हणे कोणी, काठी पाहून चिडतात. काठी नाही तं माणूस कशावर उभा राहीन. सुजाता फोनवर म्हणे, मम्मी, कुछ भी हो, भागना मत. भागणार कोण, अवं भागणार कोण, मी येवढी हसली का हसता हसता रडाले लागली, तिले वाटलं फोन कटला. आन मुर्गीवाला म्हणे, अम्मा, ये कुछ नहीं करते, सिर्फ भौंकते हैं. त्याले काहून करतील, तो त्यायचा अन्नदाता. लोकं गेटाले निळ्या पाण्याच्या बाटल्या टांगतात ना कुत्रे येऊ नये म्हणून, मी म्हटलं आता माणसाच्या गळ्यात बाटली बांधू काय.

मंग मले माही माय आठवली. माय बिड्या घेऊन गावोगाव जाये, ती नव्या गावात शिरली का पहिले तिथल्या कुत्र्याले घास टाके, मंग माणसाच्या दारात जाये. म्हणे कुत्र्यायनं पास केलं का गाव आपलं. मी म्हटलं आपणबी तसंच करू, ओळखच करून घेऊ. पहिले बिस्किट नेले, तं त्यायनं बिस्किटाकडे पाह्यलंबी नाही, मुर्गी खाणारे ते, बिस्किट कशाले खातील. तं मी भात शिजवून त्यात सुक्या मच्छीचा चुरा कालवला, पिशवीत बांधून नेला. काय सांगू, पहिल्या दिवशीच तो कानफाट्या शेपूट हलवाले लागला. रोज घास टाकू, रोज पुढे जाऊ. मुर्गीच्या दुकानापर्यंत गेलो, त्याच्या पुढे गेलो, एक दिवस तं विहाराच्या पायरीवर जाऊन बसलो. ते बाबासाहेबांच्या फोटोकडे पाहत बसले आन त्यायच्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं. मी म्हटलं आता रडता काहून, आता तं पाय येऊन राह्यला.

पण सुक्या मच्छीचा वास काय वळणापुरता राहते काय. आमच्या मागे मागे तो वास रोज विहारापर्यंत जाये, तं विहाराच्या पलीकडच्या कुत्र्यायनंबी तो घेतला. एक दिवस पाहते तं समोरून कधी न पाह्यलेले कुत्रे येऊन राह्यले, काळे, चट्ट्यापट्ट्याचे. आन मागून आमचे, म्हणजे मुर्गीवाले, ज्यायले मी खाऊ घालून ओळखीचं केलं ते. त्यायले वाटलं आमचा भात खायले कोण आलं, आन मधात आम्ही दोघं. अशी जुंपली ना बापा, आमच्या पायातच जुंपली. एकानं पिशवी ओढली, एकाचा धक्का काठीले लागला, काठी गेली, ते माह्या हातातून सुटून नालीच्या कडेले बसले का पडले, माह्या ध्यानातबी नाही. कुत्रे त्यायच्या अंगाले लागून एकमेकाले तोडून राह्यले, मी हड हड ओरडते तं एकबी कुत्रं ऐकत नाही. आन तेवढ्यात सुजाताच्या बाबायच्या तोंडातून निघालं, हाड!

मोठ्यानं. चांगला मोकळा आवाज. कुत्रे दचकले, पांगले. मी तिथंच रस्त्यात बसली, त्यायचं तोंड दोन्ही हातात धरलं, म्हटलं, पुन्हा म्हणा. ते म्हणले, हाड. लोकं जमा झाले, चोट लगी क्या, काटा क्या, आन मी सगळ्यायले सांगून राह्यली, बोलले, हे बोलले. मुर्गीवाल्याले वाटलं बाई पागल झाली. घरी आल्यावर सुजाताले फोन लावला, फोन त्यायच्या तोंडाशी धरला, ते म्हणले हाड, तिकडे पोरगी रडे, इकडे मी रडो. शेजारीपाजारी साखर वाटली मी.

मले वाटलं दार उघडलं, आता एकामागं एक शब्द येतील. दुसऱ्या दिवशी पाणी पाह्यजे होतं तं म्हणले, हाड. चहा पाह्यजे, हाड. माहं नाव घ्याले गेले, ओठ बरोबर हलले, आन निघालं हाड. त्यायलेबी समजलं का हे आपल्याले म्हणायचं नव्हतं, तं डोळे भरून आले. डॉक्टरले इचारलं तं म्हणे, होते असं कोणाकोणाचं, एकच शब्द सुटते, बाकीचे अडकून राहतात. पुढे येतीलबी, नाहीबी येणार. त्यायचे थोरले भाऊ गोंदियाहून भेटाले आले, फळं घेऊन, हे त्यायले पाहून इतके खूश झाले, डावा हात पुढे केला आन म्हणले, हाड. मी लाख समजावलं भाऊजीले, पण ते चहा न पिताच गेले. समजते हो, पण कानाले लागलेलं जात नाही.

आन पाय. पडल्यानं गुडघा सुजला, चालणं बंद. सूज उतरली तं मी रोज चप्पल समोर आणून ठेवो, ते खाटेची कड घट्ट धरत, मान हलवत, म्हणत, हाड. तो हाड मले साफ समजे. मी गोडीनं सांगतलं, रागानं सांगतलं, एकदा तं हात धरून ओढलं, मंग मलेच लाज वाटली. किती ओढू, भ्यालेल्या माणसाले. डॉक्टरनं सांगतलेले ते सुरवातीचे महिने असेच गेले. आता डॉक्टरनं पाय दाबून पाह्यला, म्हणे, आता असाच. मले लय राग येते. पण कोणावर काढू, कुत्र्यावर का मायवर का त्या भातावर. कानफाट्या अजूनबी सकाळी वळणावर बसून आमच्या गल्लीकडे पाहत राहते, त्याले वाटते बाई भात आणीन. त्याचा तरी काय कसूर.

आता ते भिंत धरून चालतात, या खोलीतून त्या खोलीत. मागच्या आठवड्यात मले ताप होता, मी पडून होती, तं पाहते काय, भिंतीले खांदा लावत लावत येऊन राह्यले, हातात गिलास, अर्धं पाणी सांडलेलं. माह्या तोंडाशी धरून म्हणले, हाड. मी पेलं पाणी. तेवढं गोड पाणी मी कधी पेलं नाही.

निघाले काय तुम्ही? मंग आत जाऊन त्यायले भेटून जा, त्यायनं तुमचा आवाज ऐकला असन. ते तुमच्याकडे पाहतील, हात वर करतील आन हाड म्हणतील. वाईट वाटून घेऊ नका. पहिले घरातून कोणी निघालं का ते म्हणत, जपून जा, पोचल्यावर सांगा, पुन्हा या. तेच सगळं म्हणून राह्यले समजा. तुम्ही फक्त हौ म्हणा.