नुसता स्टार

ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर शिंपीणबाई वेळ जावा म्हणून सदऱ्याची काजं करत होत्या. कान मात्र शेजारच्या बहीणभावाकडे. भावाच्या मांडीवर लॅपटॉप होता.

"ताई, या फोल्डरमधल्या एका फाइलचं नाव नुसता स्टार आहे, ती चांदणीची खूण. चुकून पडलेलं दिसतंय. उडवतो."

"बाबांची रेकॉर्डिंग त्याच फोल्डरमध्ये आहेत ना?"

"हो. सगळी."

"मग जपून रे बाबा. आज स्वरयंत्र काढलं की त्यांचा आवाज तेवढाच उरणार आहे. कमांडमध्ये स्टार अवतरणात घाल. नुसता लिहिलास तर तो सगळ्याच फाइली पुसतो."

भाऊ फोल्डर पुन्हा उघडून पाहू लागला.

"घातलास ना?"

"ताई..."

"अरे, बोल की!"

"एंटर मघाशीच दाबलं."

"दुसरी प्रत?"

"आज घरी जाऊन करणार होतो."

शिंपीणबाईंचा टाका अर्धवटच राहिला. तेवढ्यात वडिलांचं स्ट्रेचर आलं.

"दोनच मिनिटं हं," नर्स म्हणाली.

भावानं मोबाइल वडिलांच्या तोंडाजवळ धरला.

"बाबा, बोला ना काहीतरी."

"आता आणखी काय बोलू? आठवडाभर सगळं सांगून झालं की."

"परत सांगा, बाबा. पहिल्यापासून."