सत्तावीस वेळा उ

(आवाज नोंदवायची छोटी खोली, मधे काच. आत्या माइकपुढे, भाची पलीकडे संगणकाशी.)

आत्या : झालं ना? मग निघते. तुमच्या स्वरांच्या अभ्यासाला पन्नाशीवरचा एक आवाज कमी पडतोय असा तुझा मेसेज आला म्हणून आले. कामापुरती.

भाची : थांब ग आत्या. तुझे स्वर सगळे वर सरकलेत.

आत्या : बसस्थानकावर तीस वर्षं गाड्या पुकारल्यात मी. माझ्या उच्चारापायी एकाची गाडी चुकली नाही. यंत्र तपास तुझं.

भाची : तपासलं. हे बघ, तोंड म्हणजे नळी. स्वर बदलला की तिचा आकार बदलतो आणि आवाजातले वेगळे पट्टे जोर धरतात. ते मोजायचे आणि आलेखावर ठिपका द्यायचा. आ चं घर वेगळं, इ चं वेगळं.

आत्या : मग माझे ठिपके कुठे गेले?

भाची : परवा तू आलीस तेव्हा मी नव्हते, माझ्या सहकारिणीने घेतले ते जागच्या जागी आहेत. आज मी घेतले ते भरकटले. उ तर पार शेजाऱ्याच्या अंगणात.

आत्या : ती पोरगी गुणाची आहे. पाणी हवं का विचारलं तिने. नाहीतर काहीजणांना वर्षभरात एक फोन होत नाही.

भाची : बोललीस एकदाची. आल्यापासून हे मनात धरून होतीस.

आत्या : लहानाचं मोठं केलं मी, आणि तू नोकरीला निघालीस हे मला शेजारणीकडून कळावं?

भाची : चुकलं माझं. तू रडली असतीस, मग माझा पाय निघाला नसता.

आत्या : ते राहू दे. उ चं काय ते सांग.

भाची : उ ला ओठांचा चंबू लागतो. ओठ ताणले की नळी आखूड होते आणि पट्टे वर चढतात.

आत्या : मी कशाला ओठ ताणीन?

भाची : माणूस हसला की ताणले जातात. मी पडद्याकडे बघत होते, मला दिसलं नाही.

आत्या : काहीतरीच.

भाची : सत्तावीस वेळा उ म्हणालीस. सत्तावीसही वेळा हसत.

आत्या : यंत्राला काय कळतंय.

भाची : मला कळलं ना. सकाळपासून मला वाटत होतं, तू मला कायमचं तोडलंस.

आत्या : वेडी आहेस. लाव पुन्हा. आणि खुर्ची फिरवून पाठ करून बस.

भाची : का ग?

आत्या : तुझं तोंड दिसलं की राग धरवत नाही मला.