तुळशीच्या कुंडीत गेलेलं दूध

मी मूळची करकंबची. वडलांचं बाजारात शिलाईचं दुकान, म्हंजे दुकान कसलं, एक मशीन आन् वर पत्रा, पण मी तितंच बसून शिकले, दहावीच्या आदीच मला कॉलर बसवता यायची. लगीन होऊन सोलापुरात आले तर हितं शाळेच्या गणवेशाचे कारखाने, मंग काय, आले तशी कामाला लागले. मालक रिक्षा चालवतात, मालक म्हंजे आमचे हे हो, कारखान्याचे न्हवं. घरात आमी दोघं आन् सासूबाई. सासूला आमच्यात आत्या म्हणतात. आत्या केम गावच्या, जुन्या वळणाच्या, पण मनानं वाईट न्हाय, हे आदीच सांगते, न्हायतर पुढचं ऐकून तुमी त्यांनाच बोल लावाल.

तर काय सांगू तुमाला, थोरली झाली फेब्रुवारीत, आन् आमचं काम असं की एप्रिल-मे म्हंजे ऐन हंगाम, शाळा उघडायच्या आत सगळ्या पोरांचे कपडे तयार पायजेत. दोन महिन्याची पोरगी आत्यांपाशी ठेवून मी मशीनवर बसले. पत्र्याचं शेड, सोलापूरचं ऊन, आन् दुधानं छाती भरून दगड. कटिंगच्या चिंध्या असत्यात न्हवं, निळ्या, पांढऱ्या, त्या पदराआड धरायच्या, दुपारपर्यंत चिंब. तशा आणखी दोघी हुत्या आमच्यात, पण कुणी कुणाकडं बगायची न्हाय.

सांजच्याला पळत घरी यायची, पोरगी रडून लाल, मी घ्यायला जायची तर आत्या म्हणायच्या थांब, उन्हातनं आलीयास, दूध तापलंय, दिसभराचं शिळं झालंय, पोरीला बाधंल, आदी पिळून टाक. मोरीत टाकायचं न्हाय बरं का, पायाखाली येतं, तुळशीच्या कुंडीत टाकायचं. मी टाकायची. माजी आई बी तेच म्हणायची, मंग इचारणार कुणाला. वाटीभर दूध कुंडीत जायचं आन् मंग पोरीला लावलं की ती वडून वडून दमायची, रडायची. आत्या म्हणाल्या हिला पुरंना. शेजारीण म्हणाली तुजं दूध बी पातळ हाय, पानीच नुसतं. मंग बाटली आली, गाईचं दूध आन् निम्मं पानी. बाटलीनं पोट भरलं की पोरगी अंगावर घेईना, घेईना म्हणून दूध आणखी कमी, चौथ्या महिन्यात समदं आटलं. तुळस बाकी मजेत हुती.

मंग पोरीला जुलाब लागले. एवढंसं लेकरू, डोळे आत गेलेले, आठ दिस दवाखान्यात सलाईनवर. वाचली. पण तवापासून माज्या मनानं घेतलं की माज्या अंगालाच दूध न्हाय, आई म्हणून मीच कुटंतरी कमी हाय. कुणी लेकराला पाजत बसलेली दिसली की मी मान फिरवायची. सात वरसं बाळगलं मी ते. मालकांना म्हणायची दुसरं नको, ते म्हणायचे का नको, मी सांगायची न्हाय.

तरी पोरगा झाला, यंदाच्या फेब्रुवारीत. परत तोच हंगाम, तेच ऊन, आन् आत्या वाटी घेऊन उभ्या. मी पिळतीय, पोरगा रडतोय, आन् नेमक्या सरकारी दवाखान्याच्या आशाताई आल्या लशीचं सांगायला. इचारलं काय चाललंय, आत्यांनी सांगितलं, तापलेलं हाय म्हणून टाकतीय. ताई वरडल्या न्हाय. म्हणाल्या आजी, गावाकडं म्हशी हुत्या का तुमच्या. आत्या म्हणाल्या हुत्या की, चार. उन्हात चरायच्या का. मंग कुटं चरतील. ताई म्हणाल्या, मंग सांजच्याला धार काढली की पैली चरवी वतून द्यायचा व्हय. आत्या म्हणाल्या वतून कशाला, त्येच तर रतिबाला घालायचो, आन् तितंच थांबल्या. मंग ताईंनी सांगितलं, आईच्या अंगातलं दूध उन्हानं तापत न्हाय आन् शिळं बी होत न्हाय, पातळ दिसलं तरी चांगलंच असतं, सहा महिने दुसरं काय देऊ नका, पानी बी नको, बाळ जेवढं वडंल तेवढं यील.

दुसऱ्या दिवशी जेवायच्या सुट्टीत कारखान्याच्या दारात रिक्षा, मालक चालवतायत आन् माघं आत्या पोराला घेऊन. कामावर देखरेख करणाऱ्या मास्तरला म्हणाल्या, सगळ्यांची जेवायची सुट्टी झाली, मंग माज्या नातवाची बी करा की. मास्तर दारातनं बाजूला सरकला. शिवलेल्या शर्टांच्या गठ्ठ्यांवर बसून मी पाजलं, आन् पोरगं घटाघटा पितंय, गालावरनं दुधाचा वगळ येतोय. मी बगतच राहिले. म्हंजे मला दूध हाय. म्हंजे थोरलीच्या येळंला बी हुतं. वाईट वाटायला पायजे हुतं, वाटलं बी, पण त्याच्या आदी हलकं वाटलं, खोटं कशाला सांगू.

आत्या मंग पोरगा सहा महिन्याचा होईस्तोवर रोज आल्या, एक दिस चुकवला न्हाय. एकदा म्हणाल्या, मी बी शेतातनं यिऊन असंच टाकलं गं, समद्या लेकरांचं. मी म्हणाले असू द्या आत्या.

आता सातवा लागलाय, उष्टावण झाली, मामानं खीर चाटवली तर पोरानं तोंड वाकडं केलं, सगळी हसली. थोरली दुसरीत हाय. परवा मी पाजत हुते तर टेकून बसली आन् म्हणाली, मला बी असंच पाजायचीस का गं. आदी कदी इचारलं तर मी म्हणायची आटलं हुतं बाळा. ह्या येळंला खरं सांगितलं, तुज्यासाठी लई हुतं, आमाला कळलं न्हाय, आमी टाकलं. तिनं जरा इचार केला, म्हणाली बरं, मंग ह्याला पोटभर पाज, आन् गेली खेळायला. तिला उदंड आयुष्य मिळू दे, आणखी काय मागू.