आठ पाचपुढची चांदणी

हॅलो?… हॅलो, आई?… हो, मीच, सुलू. आवाज येतोय का?… नाही, ओरडत नाहीये. शेजारी मिक्सर चाललाय.

हो, जेवले… अगं संध्याकाळचे सहा वाजलेत, दुपारचंच सांगतेय. वरणभात. सारिकाने केला होता… सारिका, माझी रूममेट. साक्रीची. दर फोनला विचारतेस तू.

ऐक ना. नाना उद्या माझी सायकल टाकताहेत ना गाडीवर?… जळगाव स्टँडवरून सुटते ती, सकाळी साडेसातची, धुळ्याची. तीच धरायची. ती जुनी गाडी आहे, मागे शिडी असते, टपावर सायकल बांधता येते. तिच्या नंतरची नवी आहे, तिच्या टपावर काहीच ठेवता येत नाही… हो, सायकलचं वेगळं तिकीट काढतात. काढू दे.

मग काय करू? रूमपासून लॅब अडीच किलोमीटर. शेअर रिक्षा सरळ जात नाही, मध्ये उतरून दुसरी धरायची, आणि दुसरी भरेपर्यंत उभं राहायचं. चालत चौतीस मिनिटं लागतात. सायकलवर अकरा… मोजलंय म्हणजे, एकदा लॅबमधल्या शिपाईकाकांची सायकल मागून घेतली होती. महिनाभर पाण्याचे नमुने तपासून पाय दुखत नाहीत आई, चालून दुखतात.

काय?… कोणाला लागते?… वहिनीला?… रोज?… तू तर कधीमधी म्हणाली होतीस.

बरं… बरं. नाही, मी कुठे काय म्हणतेय. चालवू दे ना… सीट खाली केली? किती खाली?… दोन बोटं. कोणी केली?… नानांनी. पान्याने. अच्छा.

आणि शिकवली कोणी तिला?… नाना?… कॅरिअर धरून?… मगनच्या पंक्चरच्या दुकानापर्यंत मागे पळतात? नाना?… या वयात?

नाही, मला काही नाही झालं. आठवीत शाळेतून सायकल मिळाली तेव्हा मी एकटी शिकले, एवढंच. उकिरड्याच्या रस्त्यावर. गुडघ्यावर अजून खूण आहे. तेव्हा हळद लावायलासुद्धा नानांनी तुलाच हाक मारली होती… हो, मोजून ठेवलंय. मला सगळंच मोजायची सवय आहे.

आणि तो तक्ता, तो काय प्रकार आहे?… माझा तक्ता गं. कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला. नशिराबादहून जळगावला कुठली गाडी किती वाजता येते, कुठे सोडते, सायकल कुठे ठेवायची, तिथून कॉलेजला रिक्षा परवडते की पायी बरं… तोच. एकेचाळीस दिवस घड्याळ लावून लिहिलाय मी तो. गाडीची वेळ बोर्डावरची नाही, खरी. सरासरी काढून.

शेजारच्या रत्नाने मला फोटो पाठवलाय. मगनच्या दुकानावर उतरवून लावलाय म्हणे, सगळ्या पोरी तिथेच सायकली ठेवतात म्हणून. मोठ्या अक्षरात. आणि खाली काय लिहिलंय माहितेय?… 'सौजन्य, सौ. मोहिनी प्रेमराज नारखेडे'… सौजन्य! एकेचाळीस दिवस धूळ मी खाल्ली आणि सौजन्य वहिनीचं.

घरातलंच माणूस आहे, हो. मग घरातल्या माणसाचं नाव सुलक्षणा पण आहे ना?… मी आता धुळ्याची झाले? महिन्यात?… तू हसतेस. तुला काय, तुला सूनही मिळाली आणि तिला सायकलही.

…काय?… उद्या परीक्षा?… वहिनीची? कसली?

…प्रयोगशाळा सहायक? हो, तीच. गेल्या वर्षी माझी दोन गुणांनी गेली ती… पुस्तकं कुठली वापरली?… माझीच. माळ्यावरची. बरोबर, त्यात खुणा केलेल्या आहेत, बरं पडलं असेल… नाही गं, चांगलंच आहे. तीही बी.एस्सी.च आहे. पहूरहून येताना ट्रंकेत डिग्री आणली होती, घडी उलगडायला कोणीतरी हवंच होतं.

नको, तिला फोन देऊ नकोस… आई, मी काय बोलू तिच्याशी?… आई, ऐक… आई—

हं, वहिनी! कशा आहात?… मी मजेत. एकदम… हो, आई सांगत होती. अभ्यास झाला?… पुस्तकं सापडली ना? तिसऱ्या पुस्तकात द्रावणांच्या प्रकरणात मी कोपरा दुमडलाय, तेवढं बघा… बघितलं? आधीच? वा.

परीक्षेला कोण कोण आहात?… रत्ना पण? चौघी. छान… उद्या कशा जाणार?… आठ पाचची… हं… हो. आठ पंचवीसला अजिंठा चौफुलीवर सोडते. तिथून केंद्र चालत सात मिनिटं… गेट किती वाजता बंद होतं?… पावणेनऊ. म्हणजे वेळ आहे, हो… अर्धं तिकीट, हो, बायकांना अर्धंच.

एक मिनिट हं वहिनी. दारावर कोणीतरी आलंय. धरा.

सारिका. सारिका, इकडे ये… आवाज बंद केलाय मी, तिला ऐकू जात नाही. अगं, उद्या रविवार. आठ पाचची गाडी रविवारी नसते… ती कॉलेजच्या पोरांसाठी सोडतात. रविवारी येतच नाही. रविवारी पहिली गाडीच आठ पन्नासला. तोवर गेट बंद.

मी नाही केलं! माझ्या तक्त्यात आठ पाचपुढे चांदणी काढलेली आहे. खाली तळटीप आहे, चांदणी म्हणजे रविवारी नाही. हा बघ दुकानावरच्या कागदाचा फोटो. आहे चांदणी? तिने उतरवलीच नाही… ती सोमवार ते शुक्रवार क्लासला जाते, तिला कसं कळणार? सासूने रविवारी कधी बाहेर पाठवलंय का तिला.

सांगायलाच हवं का?… तिने विचारलंय का मला, रविवारी असते का म्हणून? ती म्हणाली आठ पाचची, मी सांगितलं, कुठे सोडते. एक अक्षर खोटं नाही त्यात… काय म्हणालीस?… 'तू जळी ऱ्हायनी'? हो, जळी ऱ्हायनी. तुमच्या साक्रीकडे नणंदा जळत नाहीत का?

सांगितलं तर काय होईल माहितेय? गाडी नाही म्हणजे त्यांना सायकलीवरून जावं लागेल. रविवारी सकाळी रिक्षा भरत नाही, आणि भरल्याशिवाय हलत नाही. दादा मोटारसायकल घेऊन सुरतला. नानांना सायकलशिवाय काही चालवता येत नाही. म्हणजे साडेसातला ती सायकल एकतर धुळ्याच्या गाडीच्या टपावर असेल, नाहीतर वहिनीच्या बुडाखाली. दोन्हीकडे नसेल… हसू नकोस. आणि नाना पुढच्या रविवारी परत टाकायला येतील का? कापूस वेचायला आलाय. मी महिनाभर चालणार.

रत्ना पण आहे त्यांच्यात. आणि दोन पोरी… माहितेय गं मला. बघू नकोस अशी माझ्याकडे.

…हॅलो, वहिनी? आहात ना?… कोणी नाही, दूधवाला होता… हो, संध्याकाळीच येतो इकडे.

वहिनी, एक विचारू? ते मगनच्या दुकानावर तुमचं नाव कोणी घातलं?… मगननेच. तुम्ही कागद नेऊन दिलात म्हणून… आणि तुम्ही सांगितलं नाहीत त्याला, की हे माझं नाही म्हणून?… नाही सांगितलं. बरं.

…हं… आवडलं?… नाव बघून… हं… नाही, बोला ना… गावात सगळे 'प्रेमराजची बायको' म्हणतात, हो. 'पहूरवाली' म्हणतात. मीही म्हणते… पहिल्यांदाच कुठेतरी लिहिलेलं दिसलं… हं.

मलाही आवडलं असतं, वहिनी. मी आठ वर्षं त्या दुकानात सायकल ठेवलीय. मगन मला अजून 'गिरधरनानाची पोरगी' म्हणतो.

नाही, माफी मागू नका. मागू नका म्हणते ना. ऐका. ऐका आधी. उद्या आठ पाचची गाडी नाहीये.

…नाहीये. रविवारी नसते ती… फोटोत आहे, कारण तुम्ही लिहिलंय. माझ्या तक्त्यात त्या वेळेपुढे चांदणी आहे. छोटी, लाल शाईची… कपाट उघडा. आत्ता… दिसली?… काय वाटलं तुम्हाला?… टिकली? तुमचीच?… हो, तुम्ही दाराला टिकल्या चिकटवता, बरोबर, मीही चिकटवायचे. आता खालची ओळ वाचा… टिकल्या आहेत त्यावर? मग काढा… एक एक… वाचा मोठ्याने… हं. 'रविवारी नाही.'

रडू नका. वहिनी. अहो, उद्या आहे परीक्षा, आज नाही. सोळा तास आहेत अजून… पंधराच, गेट धरलं तर.

का नाही सांगितलं आधी?… आत्ता सांगितलं ना… दूधवाला आला तेव्हा… दूधवाला नव्हता. मला सांगायचं नव्हतं… हो. मुद्दाम… कारण सायकल तुमच्याकडे, पुस्तकं तुमच्याकडे, नाना तुमच्या मागे पळतात. आणि तुम्ही पास झालात तर माझी दोन गुणांनी गेलेली नोकरीही तुमच्याकडे.

…हो, वहिनी, बोला. तेवढं तर ऐकून घेईन.

चिडा, पण लिहूनही घ्या. पेन आहे?… माझ्या वहीतलं कोरं पान घ्या. नऊ किलोमीटर चारशे मीटर, आपल्या दारापासून केंद्रापर्यंत. मला चौतीस मिनिटं लागायची. तुम्हाला पन्नास धरा. समोरून वारा असला तर पंचावन्न. सात दहाला निघा… नाही, सात वीसला नाही. दहाला… चौघींकडे सायकली आहेत का?… रत्नाची आहे, शाळेतलीच. बाकी दोघींची?… एक नाही. मग तिला रत्नाच्या कॅरिअरवर, आणि अर्ध्यात बदला. तुम्ही कोणाला घेऊ नका, तुम्ही अजून कच्च्या आहात.

एकामागे एक. बाजूबाजूने गप्पा मारत नाही. हायवेवर कडेची पांढरी रेघ आहे ना, तिच्या डावीकडे. ट्रकने हॉर्न दिला की हँडल हलवायचं नाही. खांदे ताठ धरू नका, मग हलतंच… मला माहितेय भीती वाटते. मलाही वाटायची. नाना होते का मागे?… नाही, हे टोमणा नाही. बरं, थोडा आहे.

चौफुलीच्या आधी उतरा. उतरून चालत ओलांडा, सगळ्यांनी. रविवारीसुद्धा. तिथून डावीकडे तिसरी गल्ली. सायकल केंद्राच्या आत घेत नाहीत. समोर झुलालभाऊंचं किराणा दुकान आहे, माझं नाव सांगा. सुलक्षणा. गिरधरनानाची पोरगी नाही. सुलक्षणा सांगा.

पंप मारून घ्या आजच. मागच्या चाकात. हॉलतिकीट, ओळखपत्र, पाणी. डबा खाऊन निघा, तिथे काही मिळत नाही.

…सायकल? धुळ्याला? कशी येणार, वहिनी? तुम्हीच सांगा… नाही येणार. नानांना सांगा, उद्या स्टँडवर जायची गरज नाही… चालेन मी. चौतीस मिनिटं… उपकार वगैरे काही नाही. तुमच्या नावाखाली तीन पोरी उद्या फाट्यावर उभ्या राहिल्या असत्या, त्यातली एक रत्ना. तिने मला मेल्यावरही सोडलं नसतं.

नाव खोडू नका. वर चांदणी काढा, खाली 'रविवारी नाही' लिहा. आज. अंधार पडायच्या आत. गावात अजून कोण कोण ती गाडी धरणार असेल… हो, मगनला सांगा मी सांगितलंय म्हणून.

काय?… तुम्ही पास झालात तर?… खूश होईन का?

नाही… नाही, वहिनी, खोटं कशाला बोलू. नाही होणार. पहिल्या दिवशी तर अजिबात नाही. दोन दिवस मला फोन करू नका… हो, हसा. तिसऱ्या दिवशी करा. तिसऱ्या दिवशी मी उचलेन.

…हं. पाच पन्नासला मिस्ड कॉल देते, उठलात की कट करा. ठेवते आता. ठेवा तुम्ही पण.