आईने निवडलेला रिसीव्हर

हसू नका, पण आमचा होम थिएटरचा रिसीव्हर, म्हणजे स्पीकरना आवाज पुरवणारा डबा, आईने निवडलाय. डोंबिवलीच्या एका दुकानात मी दोन रिसीव्हर आलटून पालटून ऐकत बसलेलो. दोन्ही बजेटमधले. सिनेमातली मारामारी लावून झाली, विमानं उडवून झाली, तरी माझं ठरेना. शेवटी आई वैतागली.

"अरे, त्यापेक्षा बाबांचं भजन लाव."

बाबा आता नाहीत, पण त्यांनी गायलेलं एक भजन माझ्या मोबाइलमध्ये आहे. पहिल्या रिसीव्हरवर ते दणदणीत वाजलं. आई म्हणाली, "छान."

दुसऱ्यावर भजनाआधी बाबा खाकरले. अगदी शेजारी बसल्यासारखे! इतक्यांदा ऐकलेली क्लिप, पण हे कधी कानावर पडलंच नव्हतं. मी थक्क होऊन आईकडे वळलो, तर तिने पिशवीतली पाण्याची बाटली काढून, झाकण उघडून, स्पीकरपुढे धरलेली.