सात काटकोन

मुलगी : सात कोपरे. दाराच्या चौकटीला तीन, कपाटामागे दोन, खिडकीखाली एक आणि हा बॉक्सजवळचा. सातही काटकोनात. वायर वळलेली नाही, दुमडलीय.

बाबा : पट्टीला खाच मारून आत बसवलीय. वर वार्निशचा हात. उगाच नावं ठेवू नकोस.

फायबरवाली : काका, काम देखणं आहे, त्यात वाद नाही. पण हे तुम्ही केलंत? आमच्या माणसाने नाही?

बाबा : तुमचा माणूस भिंतीवरून लोंबती सोडून गेला होता, वाळत घालायच्या दोरीसारखी. जन्मभर सुतारकाम केलंय मी. माझ्याच घरात असलं बघायचं?

मुलगी : आणि मला हे आज कळतंय, कपाट सरकवल्यावर. दोन आठवडे इंटरनेट अडखळतंय, कंपनीला फोन करतेय मी. म्हणतात, बॉक्स बंद करून चालू करा. केला. म्हणतात, बॉक्सच बदलून देतो. बदलला. आता पुन्हा म्हणतात, बंद करून चालू करा.

बाबा : तू मला विचारलंस, वायर तुटलीय का. तुटलेली नाही.

फायबरवाली : भांडण जरा पुढे ढकलता का? मला अजून दोन घरं आहेत.

मुलगी : नाही, ताई, तुम्ही आज हे करूनच जायचं. चारला मावशीचा व्हिडिओ कॉल आहे. उद्या सकाळी तिच्या हृदयाचं ऑपरेशन.

फायबरवाली : मग तोवर साधा फोन करा ना.

मुलगी : आई आणि मावशी, दोघींनाही जन्मापासून ऐकू येत नाही. हातांनी बोलतात. मोबाइलची रेंज ह्या गल्लीत नावाला. गेल्या खेपेला मावशीचा हात अर्ध्यावर असताना चित्र थांबलं. आई त्या थांबलेल्या हाताकडे बघत बसली. नंतर मला विचारते, ती माझ्यावर रागावलीय का?

बाबा : मी समजावलं होतं तिला.

मुलगी : समजावलंत. वायरचं नाही सांगितलंत.

फायबरवाली : बरं, ऐका. बाहेरच्या जोडावर सिग्नल मोजला तेव्हा मायनस एकोणीस होता. इथे बॉक्सपाशी मायनस तीस. सत्तावीसच्या पलीकडे गेलं की आमचा बॉक्स आंधळा होतो.

मुलगी : अकराचा फरक. ह्या मापात दहा उतरले की उजेड दहावा हिस्साच उरतो. म्हणजे बाहेर आहे त्याच्या बाराव्या हिश्शाहूनही कमी उजेड बॉक्सपर्यंत पोचतोय.

बाबा : उजेड कसला? तार ना ती?

फायबरवाली : आत तांबं नाही, काका. काच आहे, केसाएवढी.

बाबा : काच असती तर वाकवताना मोडली असती.

मुलगी : इतकी बारीक काच वाकते, बाबा. बेताने वळवली तर उजेड तिच्या कडांवर आपटत आपटत आतच राहतो. एकदम वळवली की बाहेर सांडतो.

बाबा : पुस्तकात सांडत असेल.

फायबरवाली : पडदे ओढा. ह्या पेनने लाल उजेड सोडते. टोकाकडे कुणी बघायचं नाही.

(पडदे ओढले जातात. खोलीत अंधार.)

मुलगी : चौकटीचा पहिला पेटला. दुसरा. तिसरा. कपाटामागचे दोन जरा मंद. बाबा, बघताय ना?

बाबा : बघतोय.

फायबरवाली : सगळ्यात लख्ख तो चौकटीच्या वरचा, डावीकडचा.

बाबा : तो सगळ्यात चांगला जमला होता.

मुलगी : म्हणूनच.

फायबरवाली : उघडा आता पडदे. दुमडलेली काच पुन्हा सरळ करून भरवसा नाही. ही सोडून द्यायची. नवी वायर वरून टाकते, प्रत्येक कोपऱ्यावर पेल्याच्या बुडाएवढा गोल ठेवून.

बाबा : म्हणजे पुन्हा लोंबतं. त्यापेक्षा उद्या या. पट्टीचे कोपरे गोल तासून ठेवतो, नीट खाच पाडतो.

मुलगी : उद्या? बाबा, मी आत्ता काय सांगितलं?

बाबा : कॉल काय, परवाही करता येईल.

मुलगी : ऑपरेशननंतर?

फायबरवाली : मागे काकू हातांनी काहीतरी म्हणतायत.

मुलगी : आई ना? तिला सगळं कळलंय. तुमच्याशी बोलतेय, बाबा. तिकडे तोंड फिरवू नका.

बाबा : दिसलं मला.

फायबरवाली : काय म्हणाल्या?

बाबा : म्हणाली, भिंत तुमची, बहीण माझी.

मुलगी : अजून म्हणतेय.

बाबा : ते सांगण्यासारखं नाही.

फायबरवाली : मग काका, करू का सुरू? क्लिपा ठोकायच्या नाहीत, नुसत्या चिकटवायच्या. तुम्ही चौकटीशी वायर धरा. ओढू नका. अलगद.

बाबा : एवढा गोल?

फायबरवाली : अजून मोठा.

बाबा : पोट सुटल्यासारखं दिसतंय.

फायबरवाली : सुटू दे.

बाबा : इथे खाली आलीय. ही लोंबणार.

मुलगी : बाबा, पावणेचार झाले.

बाबा : लोंबणार म्हणालो. काढा म्हणालो का? पुढची क्लिप दे.

फायबरवाली : टोक मी बसवते. बोट लावू नका, घामाचा डागसुद्धा चालत नाही. हं. हिरवा दिवा लागला.

मुलगी : थांबा, मावशीचाच कॉल येतोय. आधीच केला तिने. आई, इथे बस, उजेडाकडे तोंड करून.

बाबा : दवाखान्याचा अंगरखा घातलाय तिने. केवढी वाळलीय.

फायबरवाली : दोघी एकदमच बोलतायत की.

बाबा : लहानपणापासून अशाच. कुणाचा पत्ता कुणाला नाही.

फायबरवाली : मी निघते. बॉक्सपाशी किती दाखवतंय तेवढं बघून सांगता?

मुलगी : मायनस एकोणीस पॉइंट सहा.