झाकणाच्या आतली तारीख

बिघडलेली इस्त्री घेऊन रांगेत उभ्या असलेल्या मास्तरांना काही ऐकायचं नव्हतं. पण पुढच्या बाईंचा आवाज कुजबुजणाऱ्यातला नव्हता. दुरुस्तीवाल्याने त्यांच्या वॉकमनचं झाकण उघडलं.

"वहिनी, हा चालतो असं कोण म्हणालं?"

"म्हणजे काय? हे रोज जेवण झालं की कानाला लावून बसतात. उद्या वाढदिवस आहे, म्हटलं न सांगता साफसूफ करून आणावा."

"आतल्या रबरी पट्ट्याचं वितळून डांबर झालंय. सेल फुटून गंजलेत. यातून चकार शब्द निघत नसणार."

"काहीतरीच. मान डोलावतात ते."

"झाकणाच्या आत बघा. प्रत्येक दुरुस्तीची तारीख मी पेन्सिलीने लिहितो. दर सहा महिन्यांनी यायचे दादा. शेवटची कधीची आहे?"

बाईंनी चष्मा पुसून वाचली.

"दोन वर्षं झाली की हो. अगंबाई, म्हणजे मी ताईशी फोनवर बोलते ते..."

"कशाबद्दल?"

"सासूबाईंबद्दल. नणंदेबद्दल. यांच्याबद्दल तर रोजच. यांचे कान बंद, म्हणून तर मोकळेपणी बोलत होते."

"दादा कधी काही म्हणाले नाहीत?"

"छे. मागे एकदा तेवढं विचारलं, आज ताईचा फोन नाही का म्हणून."

मास्तरांनी इस्त्री या हातातून त्या हातात घेतली.

"मग दुरुस्त करू, की तसाच बंद करून देऊ?"

"करा. आणि आवाजाची चकती पूर्ण वर नेऊन तिथेच चिकटवून टाका."